कधी बिघडत नाही ते सांगा : कोल्हापुरातील एका गॅरेजबद्दल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान गॅरेजमध्ये माझ्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीचा ब्रेकचा दोष गेल्या फेब्रुवारीत सापडला आणि दूर झाला. दोष पाच महिन्यांचा जुना होता, त्यापायी आधीच्या दोन ठिकाणी मिळून माझे ३१ हजार रुपये गेले होते, आणि अखेरीस जो भाग बदलावा लागला त्याची किंमत १८० रुपये निघाली. गॅरेजचे नाव लिहू नये असे मालकांनीच सांगितले आहे. त्यांच्याकडे दोन रॅम्प आणि तीन माणसे आहेत, आणि तेवढ्यांना पेलेल त्याहून एकही गाडी जास्त त्यांना दारात नको आहे. गाडीचे मॉडेलही मी लिहीत नाही, कारण बारा वर्षांच्या रबराने जे केले त्याचा दोष कंपनीच्या माथी मारणे बरोबर नाही. डिझेल इंजिन, भक्कम चासी, एरवी मागच्या चाकांवर चालणारी (टू हाय) आणि गरजेपुरती पुढची चाके जोडता येणारी (फोर हाय) गाडी, एवढे वर्णन पुरे आहे. अशा गाड्या वापरणाऱ्यांना पुढचे सगळे कळेल.

आमची आंब्याची बाग रत्नागिरीपासून आत, जांभ्या दगडाच्या उतारावर आहे. पावसाळ्यात तिथे पोचायला फोर व्हील ड्राइव्ह लागतेच, आणि महिन्यातून दोनदा खते, औषधे, पंपाचे सुटे भाग यांसाठी आंबा घाटाने कोल्हापूरला जाणे होते. पहिल्यांदा प्रकार घडला तो कोल्हापूरहून परत येताना. आंबा गाव सोडून साखरप्याकडे उतरायला लागल्यावर पुढे एक लादलेला ट्रक होता, त्याच्यामागे क्लच दाबून, थोडे सोडून, पुन्हा ब्रेक मारून अशी रांगत मी येत होते, आणि चौथ्या की पाचव्या वेळी पेडल दगडासारखे कडक लागले. पेडल खाली जाईना आणि गाडी थांबेना. दोन्ही पाय लावून दाबल्यावर ती थांबली, ट्रकपासून हातभर अंतरावर. बाजूला घेऊन पाच मिनिटे उभी केली, पुन्हा सुरू केली, तर ब्रेक अगदी नेहमीसारखा. साखरप्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. काहीही झाले नाही. त्यानंतर नाणीज, पाली, हातखंबा असे सबंध अंतर मी मुद्दाम ब्रेक मारत आले, तरीही काही झाले नाही.

पुढच्या पाच महिन्यांत हे एकूण सहा वेळा झाले. त्यात आणखी एक तक्रार होती, जी मी वेगळी समजत होते. ताशी ५० ते ६० च्या वेगाने जाताना कधी कधी पुढून, उजव्या बाजूने घरघर ऐकू येई, जात्यात खडा अडकल्यासारखी, आणि किलोमीटरभराने आपोआप थांबे. ब्रेकची तक्रार सांगताना ही घरघर मी सांगत असे, पण दोन्ही ठिकाणी ती वेगळ्या ओळीवर, वेगळ्या दिवसासाठी लिहून घेतली गेली.

पहिले ठिकाण मोठे सर्व्हिस सेंटर होते. तिथल्या सल्लागाराने प्रथम 'मॅडम, घाटात गाडी कोण चालवतं?' असे विचारले, आणि मीच चालवते म्हटल्यावर 'घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात' असे समजावले. ते खरे आहे, पण ते माझ्या तक्रारीचे उत्तर नव्हते. ब्रेक ऑइल तापून त्यात वाफ धरली तर पेडल मऊ पडते, स्पंजासारखे खाली बसते, कारण वाफ दाबली जाते आणि द्रव दाबला जात नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि तसतसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा तो किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा धरलेल्याचा किमान १५५. म्हणूनच कोकणात दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे शहाणपणाचे आहे. माझे पेडल मात्र मऊ पडत नव्हते, कडक होत होते. पॅड तापून पकड गेली तर पेडल कडक लागते आणि गाडी थांबत नाही हे खरे, पण तेव्हा चाकांशी जळका वास येतो, डिस्क निळसर होते, आणि पाच मिनिटांत सगळे पूर्ववत होत नाही. यातले काही नाही हे मी सांगितले. तरीही पुढचे पॅड बदलले गेले, डिस्क फिरवून सारख्या करून घेतल्या गेल्या, ऑइल बदलून एअर काढली गेली, आणि ९,६०० रुपयांचे बिल झाले. काम स्वच्छ होते, एवढे म्हणावे लागेल. दोष होता तिथेच राहिला.

दुसऱ्या ठिकाणच्या फिटरला कडक पेडलचा अर्थ कळला होता. 'बूस्टर गेलाय,' तो म्हणाला, आणि पायाच्या दाबाला जोड देणारा बूस्टर व ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर दोन्ही बदलले. त्याचे २१,४०० रुपये. जुना बूस्टर मी परत मागितला तेव्हा तो भंगारात गेल्याचे समजले. नव्या बूस्टरनंतर अठरा दिवस काही झाले नाही आणि मी सुटले असे मानले. एकोणिसाव्या दिवशी, बागेतल्या शेडसमोर गाडी मागेपुढे करून लावताना, सपाट जमिनीवर पेडल पुन्हा कडक झाले. तोपर्यंत मी गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा १,२०० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनरही घेतला होता, आणि तो प्रत्येक वेळी एकही कोड नाही असे सांगत होता. तो खोटे बोलत नव्हता. ज्या जागी सेन्सरच नाही, त्या जागेबद्दल गाडीचा संगणक काही बोलू शकत नाही, आणि माझ्या गाडीत या जागी सेन्सर नाही.

कोल्हापूरच्या गॅरेजचा पत्ता मला खतांच्या दुकानातून मिळाला. आत शिरल्यावर नजरेत भरते ती फळा म्हणून वापरलेली शाळेची एक जुनी पाटी. तिच्यावर प्रत्येक गाडीसमोर तक्रार लिहिलेली असते, ग्राहकाच्या शब्दांत, जशीच्या तशी. 'वळताना कटकट', 'सकाळी नाही', 'पोरगं चालवतं तेव्हा नाही'. मालक साठीच्या आसपासचे आहेत आणि सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मी दोन बिले पुढे ठेवून सहा प्रसंग सांगायला सुरुवात केली, तशी त्यांनी बिले उलटी घालून बाजूला ठेवली.

'ताई, कधी बिघडती ते ऐकलं. आता कधी बिघडत न्हाई ते सांगा.'

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मी स्वतःलाही विचारला नव्हता. पुढची वीस मिनिटे ते एकेक गोष्ट विचारत गेले आणि एका पाठकोऱ्या कागदावर दोन रांगांत लिहीत गेले. सकाळी निघाल्यावर पहिल्या तासात कधी झाले का? नाही. चढताना? नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरताना? नाही. हायवेवर, एकदाच जोरात ब्रेक मारल्यावर? नाही. एसी चालू असताना आणि बंद असताना फरक? काही नाही. आणि मग, जरा थांबून, 'फोर हायमधी असताना कधी पेडल कडक लागलं?' मी आठवू लागले. ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात बागेच्या निसरड्या वाटेवर मी आठवडाभर गाडी फोर हायमध्येच चालवली होती, कितीतरी वेळा थांबवली होती, उतारावर रांगवली होती, आणि एकदाही ब्रेकने दगा दिला नव्हता. मी ही गोष्ट कुणापासून लपवली नव्हती. ती सांगण्यासारखी आहे असेच मला वाटले नव्हते.

मिस्त्रींनी कागदावर एक रेघ मारली आणि घरघरीबद्दल विचारले. ती कोणत्या गिअरमध्ये येते यात त्यांना रस नव्हता. 'टू हायमधीच येती का?' हो, टू हायमध्येच. 'मग ही दोन दुखणी न्हाईत,' एवढे बोलून ते चहा सांगायला उठले.

इथे थोडे यंत्राचे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ब्रेकच्या पेडलमागे जो मोठा गोल डबा असतो तो बूस्टर. त्याच्या आत एका पडद्याने दोन कप्पे केलेले असतात आणि एरवी दोन्हींतली हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबले की मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते, पुढच्या कप्प्यात निर्वात असतो, आणि वातावरणाचा दाब त्या पडद्याला पुढे ढकलून आपल्या पायाला मदत करतो. पेट्रोल इंजिनात हा निर्वात सहसा इंजिनाच्या हवा ओढण्यातूनच मिळतो. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर तसा अडसर नसल्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि माझ्या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला आहे. म्हणजे इंजिन जितके फिरेल तितका तो फिरणार. पंप आणि बूस्टर यांच्यामध्ये एक एकेरी झडप असते, जिला गॅरेजमध्ये सगळे एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात. तिच्यामुळे इंजिन बंद पडले तरी बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरती शिल्लक राहते. ती शिल्लक संपल्यावर ब्रेक लागतो, पण निव्वळ पायाच्या ताकदीवर.

आता दुसरा भाग. पुढची चाके गरजेपुरती जोडणाऱ्या गाडीत टू हायमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढच्या प्रोपेलर शाफ्टला ताकद देत नाही; पण पुढची चाके रस्त्यावर फिरतच असतात, आणि ती आतला सगळा पसारा उगाच फिरवत राहतील. ते टाळण्यासाठी माझ्या गाडीत पुढच्या उजव्या ॲक्सलचे दोन तुकडे आहेत आणि त्यांना जोडणारी दातेरी बांगडी एका काट्याने सरकते. हा काटा सरकवणारा हात निर्वाताचाच आहे. ॲक्सलच्या हौसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, एक बुटका डबा लावलेला असतो, त्याला दोन रबरी नळ्या येतात, एक टू हायमध्ये ओढते आणि दुसरी फोर हायमध्ये. या दोन नळ्यांना निर्वात पुरवणारा पंप वेगळा नाही. ब्रेकच्या बूस्टरला जो पुरवतो तोच यांनाही पुरवतो.

हे मला मिस्त्रींनी चहाच्या ग्लासांनी समजावले. तीन ग्लास, मध्ये बशी, आणि बशी म्हणजे पंप. एक ग्लास गळका असेल तर बशीला दुसऱ्याकडे बघायला वेळ मिळत नाही, असे ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी काहीही उघडले नाही. मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. आधी उभ्या गाडीवर तीन चाचण्या झाल्या, ज्या कुणालाही घरी करता येतात. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबून कडक केले, दाबून धरले आणि गाडी सुरू केली. पेडल थोडे खाली बसले, म्हणजे बूस्टर मदत करतो आहे. मग दोन मिनिटे इंजिन चालवून बंद केले आणि पेडल सावकाश दाबले. पहिल्यांदा खोल गेले, दुसऱ्यांदा त्याहून कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी, म्हणजे बूस्टर हवा धरून ठेवतो आहे. शेवटी चालू इंजिनावर पेडल दाबून धरले, इंजिन बंद केले आणि अर्धा मिनिट तसेच ठेवले; पेडलने पायाला वर ढकलले नाही. थोडक्यात माझा नवा, २१ हजारांचा बूस्टर उत्तम होता. जुनाही बहुधा उत्तमच असावा. तो आता तपासता येणार नाही.

नंतर त्यांच्या मुलाने एनआरव्हीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन टी, म्हणजे तीन तोंडांचे जोड, बसवले आणि तिथून दोन लांब नळ्या खिडकीतून आत घेऊन निर्वात मोजणारी दोन गेज डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावली. डावे पंपाकडचे, उजवे बूस्टरकडचे. थंड इंजिनावर दोन्ही काटे पाऱ्याच्या ६४० मिलिमीटरवर स्थिर होते. मी घरी वाचून गेले होते की चांगला पंप ६८० ते ७०० दाखवतो, आणि तसे म्हणालेही. मिस्त्री हसले. 'ते समुद्राच्या काठावर. हितं हवाच पन्नासनं कमी हाय.' कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे वातावरणाचा दाबच ७६० ऐवजी साधारण ७१० भरतो, आणि पंप असलेल्या हवेपेक्षा जास्त ओढू शकत नाही. हा फरक माहीत नसलेल्या माणसाने तिथेच पंप बदलायला सांगितला असता.

'थंड गाडी काय बोलणार न्हाई,' म्हणून आम्ही पन्हाळ्याला निघालो. मी चालवत होते, मिस्त्री शेजारी, मुलगा मागे. आधीच्या दोन्ही ठिकाणी गाडी माझ्याकडून घेऊन त्यांच्या माणसाने सकाळी आवाराबाहेर एक चक्कर मारली होती आणि 'ब्रेक ओके' असे लिहिले होते. इथे मालकाचीच अट होती की ज्याच्या हातात बिघडते त्यानेच चालवायची. वाघबीळवरून वळून चढायला लागलो, वर पोचलो, चहासुद्धा न घेता गाडी वळवली, आणि त्यांनी मला ट्रकच्या मागे असल्यासारखे उतरायला सांगितले. क्लच दाबून, इंजिन निवांत, थोडे सोडायचे, थोडे धरायचे.

पहिल्या वळणापर्यंत डावा काटा ६०० वरून ४३० वर आला होता. उजवा अजून वर होता, कारण एनआरव्हीने त्याची शिल्लक धरून ठेवली होती. पहिला ब्रेक मारला, उजवा काटा ४३० च्याही खाली आला आणि वर चढायला लागला, पण चढता चढता ४३० पाशी अडला. डावीकडेच जर तेवढे असेल तर उजवीकडे जास्त कुठून येणार? दुसरा ब्रेक, तिसरा ब्रेक. प्रत्येक वेळी तो पुरता वर यायच्या आत मी पुन्हा पेडल दाबत होते. चौथ्या वेळी काटा अडीचशेच्या खाली गेला आणि तो ओळखीचा दगड पायाला लागला. पाच महिने जे कुणाला दाखवता आले नव्हते ते त्या माणसांसमोर झाले, याचा मला त्या क्षणी आनंद झाला, हे घाटाच्या मध्यावर जरा विचित्रच होते. मिस्त्री हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते. 'दुसरा टाका, क्लच सोडा.' इंजिन दोन हजार फेऱ्यांवर गेले आणि डावा काटा ५६० पर्यंत चढला, कारण पंप आता तिप्पट वेगाने फिरत होता आणि गळती होती तेवढीच होती. इंजिनाच्या जोरावर उतरताना हा प्रकार कधीच का घडला नाही, ते तिथे दिसले. पॅड, डिस्क किंवा ऑइल यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नव्हता.

रस्त्याकडेच्या सुट्या खडीवर गाडी उभी केली. इंजिन निवांत, काटा पुन्हा ४३०. मिस्त्रींनी मला फोर हाय टाकायला सांगितले आणि खडीवरच दोन मीटर पुढे घ्यायला लावली. पुढे डांबरावर न्यायची नाही हे बजावले, कारण अशा गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शिअल मधे नसल्याने कोरड्या पक्क्या रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा लागला, आणि डावा काटा सरळ ५९० वर जाऊन बसला. पुन्हा टू हाय. काटा घसरत ४३०. आम्ही हे तीनदा केले. तिसऱ्यांदा मागच्या सीटवरून मुलगा म्हणाला, 'बास, टू हायची नळी.'

गॅरेजमध्ये परत येऊन, इंजिन गरम असतानाच, त्या नळीला चिमटा लावून दाबले, तर काटा वर. मग हातपंपाने एकेक तुकडा तपासला. हौसिंगवरच्या डब्याचे दोन्ही कप्पे ५०० मिलिमीटर ओढून पाच मिनिटे धरून राहिले. तो डबा निर्दोष. नळी धरून राहिली नाही. ती काढून माझ्या हातात दिली तेव्हा मला काहीच दिसले नाही, वीतभर काळी नळी, बाहेरून धड. तिचे एक टोक एक्झॉस्टच्या पाइपजवळ प्लास्टिकच्या तोटीवर चढवलेले होते, आणि त्या टोकाशी, तोटीने रबर ताणले जाते तिथेच, तांदळाच्या दाण्याएवढी उभी चीर होती. मिस्त्रींनी तोटीसकट नळी गार पाण्याच्या मगात बुडवली, मोकळे टोक तोंडात धरून फुंकली, तोटीवर बोट ठेवले. एकही बुडबुडा नाही. मग चहाच्या किटलीतले गरम पाणी मगात ओतले, मिनिटभर थांबले आणि पुन्हा फुंकले. चिरेतून बुडबुड्यांची माळ वर आली. थंड असताना ताठ रबर तोटीला घट्ट धरून बसत होते, तापल्यावर सैल पडून चीर उघडत होती. माझ्या सहा प्रसंगांना लागणाऱ्या सगळ्या अटी त्या मगात होत्या: गाडी तापलेली हवी, टू हायमध्ये हवी, इंजिन निवांत हवे आणि ब्रेक लागोपाठ मारलेला हवा. बागेतल्या शेडसमोर मागेपुढे करताना यातले सगळे जुळून आले होते. सर्व्हिस सेंटरच्या सकाळच्या चकरेत ते सगळे जुळले नव्हते.

घरघरीचा उलगडा त्यातूनच झाला. टू हायच्या बाजूची ओढ कमी पडली की काटा बांगडीला पुरते मागे धरून ठेवू शकत नसे, ती थोडी पुढे सरके आणि तिचे दाते समोरच्या दात्यांना घासत. त्या बाजूचे झाकण उघडले तेव्हा बांगडीच्या कडा खाल्लेल्या होत्या, आणि निघालेल्या ऑइलमध्ये बोट बुडवून उन्हात धरल्यावर बारीक चमक दिसत होती. इथे मिस्त्रींचा एक निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. बांगडी आणि काटा बदलून १४ हजारांचे काम त्यांना सहज काढता आले असते, आणि मी त्या दिवशी हो म्हटले असते. त्यांनी दात्यांचा फोटो काढून दिला, निम्म्याहून जास्त दाता शाबूत आहे हे दाखवले, ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल नवे भरले आणि दहा हजार किलोमीटरनंतर पुन्हा उघडून पाहू असे सांगितले. फोटोच्या मागे तारीख आणि किलोमीटर पेनाने लिहिले आहेत.

टू हायची नळी तर बदललीच, पण त्याच वयाच्या, त्याच उष्णतेत तापलेल्या बाकीच्या व्हॅक्यूम नळ्याही बदलल्या. एकूण बिल ४,८६० रुपये झाले. त्यात तपासणीचे २,५०० वेगळे दाखवले आहेत, आणि यावर काही लोक नाराज होतील हे मला ठाऊक आहे. काही बदलले नाही तर पैसे कसले, अशी आपली समजूत असते. माझ्या मते हे २,५०० रुपये पाच महिन्यांतला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च होता.

आता तक्रारी. दुपारी एक ते चार फोन उचलला जात नाही आणि नंतर उलट फोनही येत नाही. सुरुवातीला लेखी अंदाज मिळाला नाही. मागितल्यावर तपासणीचा आकडा तेवढा तोंडी सांगितला. गाडी सोडून जाण्याची सोय जवळजवळ नाहीच, कारण चालवणारा माणूस हजर हवा असा आग्रह, आणि रत्नागिरीहून येणाऱ्याला त्यासाठी मुक्काम पडतो. मला दोन रात्री काढाव्या लागल्या, त्यातला एक सबंध दिवस ऑइल सील यायची वाट पाहण्यात गेला. बसायला एक बाक आहे आणि महिलांसाठी स्वच्छतागृह शेजारच्या वर्कशॉपमध्ये आहे, तेही विचारून. गेजच्या नळ्या आत घेताना डॅशबोर्डखालची एक प्लास्टिकची क्लिप मोडली. मुलाने ती मोडल्याचे स्वतः सांगितले, पण बदलून दिली नाही, आणि ते झाकण आजही जरा खुळखुळते.

नव्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या गाड्या, म्हणजे ज्यांत पुढची-मागची चाके संगणकाच्या हुकमाने क्लच जोडून फिरवली जातात, त्या मिस्त्री घेत नाहीत. माझ्यासमोरच त्यांनी तशी एक गाडी परत पाठवली आणि कुठे न्यावी ते सांगितले. जुनी, लिव्हरची किंवा व्हॅक्यूमची फोर बाय फोर असेल आणि दोष येत-जात असेल तर इथे जरूर जावे. जाताना कंपनीची दोन बिले घेऊन जाण्यापेक्षा आधी आठवडाभर एका वहीत दोन रांगा करून न्याव्यात, बिघडले ते प्रसंग एकीकडे आणि बिघडले नाही ते दुसरीकडे. त्यांचा अर्धा तास आणि आपले थोडे पैसे वाचतात.

फेब्रुवारीपासून मी आंबा घाट अकरा वेळा उतरले आहे, त्यांतल्या दोन वेळा मुद्दाम क्लच दाबून, ट्रकच्या मागे. पंपाकडचा टी मी काढू दिलेला नाही, त्यावर ३५० रुपयांचे एक लहान गेज स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला लावून घेतले आहे. साखरप्याला पोचते तेव्हा त्याचा काटा ६५० च्या वर असतो.